आठचे पाच, पाचचे दहा

मुंबईत ९ जुलै २०१९ च्या सकाळी बेस्टच्या साध्या बसचे किमान तिकीट आठ रुपयांवरून पाचावर आले. वातानुकूलित गाडीचे तर वीसवरून थेट सहावर. भाडे वाढते हे आपल्याला पाठ असते; कमी झालेले भाडे पाहायची सवय कुणालाच नव्हती, कंडक्टरलाही नाही. जवळपास सहा वर्षे हेच दर राहिले. मग ९ मे २०२५ ला साध्या गाडीच्या पाचाचे दहा झाले आणि वातानुकूलितच्या सहाचे बारा.

या दोन तारखांच्या मधे जे घडले ते इथे मांडायचे आहे. पण सुरुवात बरीच मागून करावी लागते. कारण २०१९ चा निर्णय बरोबर की चूक, हे भाड्याच्या तक्त्यावरून कळत नाही. बसचा खर्च तिकिटातून पूर्ण निघत नाही, तर उरलेला कुणी भरायचा, या प्रश्नाचे मुंबईचे जुने उत्तर मोडले होते आणि नवे कुणी लिहून दिले नव्हते.

विजेच्या बिलातली बस

बेस्टच्या नावातच वीज आधी आहे आणि गाडी नंतर. १९०५ मध्ये ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ ही कंपनी स्थापन झाली, १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. १५ जुलै १९२६ ला पहिली बस अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत गेली. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, हा सगळा कारभार मुंबई महापालिकेच्या ताब्यात आला. म्हणजे एकाच छपराखाली दोन धंदे: कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीज पुरवायची आणि सगळ्या मुंबईभर गाड्या चालवायच्या.

वीज नफ्यात आणि गाड्या तोट्यात, हे गणित अनेक दशके कुणाला खुपले नाही. गिरणीतल्या भावाच्या मनीऑर्डरवर गावाकडची शेती चालावी तसे ते चालले. त्याला कुणी अनुदान म्हटले नाही, दरवर्षी कुणापुढे हात पसरावा लागला नाही, आणि ‘बेस्ट तोट्यात’ असा मथळाही सहसा छापून येत नव्हता, कारण दोन्ही खाती मिळून एकच ताळेबंद. ही व्यवस्था किती सोयीची होती हे ती गेल्यावर कळले.

न्याय्य मात्र ती नव्हती, हेही सांगितले पाहिजे. बेस्टची वीज फक्त बेटावरच्या शहरात. उपनगरांना दुसऱ्या कंपन्यांची. गाड्या मात्र दहिसर-मुलुंडपर्यंत, पुढे ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदरपर्यंत. परळच्या चाळीतले कुटुंब आपल्या बिलातून गोरेगावच्या प्रवाशाचे तिकीट स्वस्त करत होते, आणि गोरेगावात राहणारा बंगलेवाला काहीच देत नव्हता. जुन्या मंडळींना त्या काळाबद्दल हळहळ वाटते, ती मी समजू शकतो. पण पैसा कुणाच्या खिशातून येत होता हे त्या हळहळीत विसरले जाते.

२००३ चा वीज कायदा आला आणि विजेचे दर ठरवण्याची सूत्रे नियामक आयोगाकडे गेली. वीजग्राहकाने विजेचाच खर्च द्यावा, हा त्या कायद्याचा एकूण रोख. बेस्ट ही स्थानिक प्राधिकरणाची संस्था म्हणून तिला काही बाबतींत सवलत होती आणि त्या आधारावर भांडून तिने वेळ काढला. काही वर्षे तर ग्राहकाच्या बिलात ‘परिवहन विभागाची तूट वसुली’ असा वेगळा आकारच दिसायचा. मनीऑर्डरचा आकडा असा छापून हातात पडल्यावर व्हायचे तेच झाले. लोकांनी विचारले, गाड्यांचा तोटा आम्ही का भरायचा? ग्राहक संघटना आयोगापुढे गेल्या. मोठे ग्राहक टाटांची स्वस्त वीज मिळते का ते पाहू लागले. ते गेले की राहिलेल्यांवरचा बोजा वाढणार, तो वाढला की आणखी काही जाणार. २०१६ च्या सुमारास ही वसुली थांबली.

इथे एक गोष्ट व्हायला हवी होती. वीजग्राहकाच्या डोक्यावरून बोजा उतरवताना तो कुणाच्या डोक्यावर ठेवायचा, हे त्याच दिवशी ठरायला हवे होते. आयोगाचे ते काम नव्हते. त्याने आपल्या कायद्यापुरते पाहिले. राज्य सरकारने म्हटले, बेस्ट महापालिकेची. महापालिकेने म्हटले, बेस्ट स्वायत्त उपक्रम आहे, त्याचा अर्थसंकल्प वेगळा.

घसरण

२०१० च्या आसपास बेस्टकडे साडेचार हजारांहून जास्त गाड्या होत्या आणि रोजचे प्रवासी चाळीस लाखांहून अधिक. त्यानंतरची कहाणी कुठल्याही शहरातल्या बससेवेची असते तशीच आहे, म्हणून भरभर सांगतो. पैसा कमी, म्हणून नव्या गाड्या कमी. जुन्या गाड्या बाद होत गेल्या, फेऱ्या घटल्या, थांब्यावरची वाट वाढली. स्टेशनबाहेर शेअर रिक्षा उभ्याच होत्या. २०१५ मध्ये फेब्रुवारीत सहाचे सात आणि एप्रिलमध्ये सातचे आठ, अशी एकाच वर्षात दोनदा भाडेवाढ झाली. तिघे मिळून दहा-दहा रुपयांत रिक्षाने जाता येत असेल, तर आठ रुपये देऊन वीस मिनिटे कोण उभे राहील? त्याच काळात मोबाइलवरून बोलावायच्या टॅक्सी परदेशी गुंतवणूकदारांच्या पैशावर निम्म्या दरात फिरत होत्या. तोटा त्यांनाही होता. त्यांच्या तोट्याला मात्र ‘वाढ’ म्हणायचे.

महापालिकेने मदत केली नाही असे नाही. कशी केली ते पाहण्यासारखे आहे. तिने आपल्याच उपक्रमाला १,६०० कोटी रुपयांचे कर्ज दिले, दहा टक्के व्याजाने. घरातल्याच आजारी माणसाला औषधाला पैसे द्यावेत आणि महिन्याच्या महिन्याला व्याज मोजून घ्यावे, तसे. हप्ते वेळेवर वळते होत राहिले आणि कामगारांचे पगार लांबू लागले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ऐन रक्षाबंधनाच्या दिवशी पगारासाठी संप झाला. निवृत्तांची ग्रॅच्युइटी थकली.

जानेवारी २०१९ मधला संप नऊ दिवस चालला. वेतनाच्या मागण्या होत्याच, पण सगळ्यात महत्त्वाची मागणी बाहेरच्या माणसाला कोड्यासारखी वाटेल: बेस्टचा ‘क’ अर्थसंकल्प महापालिकेच्या ‘अ’ अर्थसंकल्पात विलीन करा. एवढी मुळाशी जाणारी मागणी त्या साऱ्या वादात दुसऱ्या कुणी केली नाही. तिचा अर्थ असा, की रस्ता झाडायला, दिवे लावायला, दवाखाना चालवायला महापालिका ‘तोटा’ शब्द वापरत नाही. तो खर्च असतो. बसचा तेवढा तोटा. एका अक्षराचा फरक, पण ‘अ’मध्ये असलेल्या खात्याला दरवर्षी तरतूद मिळते आणि ‘क’मध्ये असलेल्याला मदत. उच्च न्यायालयाच्या मध्यस्थीने संप मिटला. विलीनीकरण झाले नाही.

जून २०१९ चा करार

मे २०१९ मध्ये प्रवीण परदेशी महापालिका आयुक्त झाले. त्यांनी सहाशे कोटींचे अनुदान देऊ केले, पण अटी घालून. भाडे कमी करायचे. ताफा भाडेतत्त्वावरच्या गाड्या घेऊन वाढवायचा. या गाड्यांना कामगार संघटनांचा कडवा विरोध होता आणि प्रकरण औद्योगिक न्यायालयापर्यंत गेले होते. शेवटी संघटनांशी करार झाला: बेस्टने स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ गाड्या कायम ठेवायच्या, त्याच्या वरच्या गाड्या हव्या तेवढ्या भाड्याने घ्यायच्या.

भाडेतत्त्वाची पद्धत अशी. गाडी ठेकेदाराची, ड्रायव्हर त्याचा, देखभाल त्याची. मार्ग आणि वेळापत्रक बेस्ट ठरवणार, तिकिटाचे पैसे बेस्टचे. ठेकेदाराला दर किलोमीटरमागे ठरलेली रक्कम मिळणार, गाडी भरलेली असो वा रिकामी. कागदावर ही पद्धत चांगली आहे. गाड्या घेण्यासाठी एकदम मोठी रक्कम लागत नाही, आणि प्रवासी कमी असलेल्या मार्गावर गाडी सोडायला ठेकेदार कुरकुर करत नाही.

भाड्याचे नवे टप्पे सुटसुटीत होते: पाच किलोमीटरपर्यंत पाच रुपये, दहापर्यंत दहा, पंधरापर्यंत पंधरा, त्यापुढे वीस. सुट्ट्या पैशांची कटकटही कमी झाली, आणि ती किती मोठी होती हे गर्दीत तिकीट फाडणाऱ्या कंडक्टरलाच विचारावे.

प्रवासी आले. वीस-बावीस लाखांवर घसरलेली रोजची संख्या काही महिन्यांत तीस लाखांच्या घरात पोहोचली. रिक्षाकडे गेलेली माणसे परत येत नाहीत, हा समज खोटा ठरला. एवढे यश वाहतुकीच्या क्षेत्रात एका निर्णयाने क्वचितच मिळते.

आता हिशेब. फक्त किमान भाडे धरले, तर आठचे पाच केल्यावर तेवढेच उत्पन्न टिकवायला प्रवासी साठ टक्क्यांनी वाढावे लागतात. वातानुकूलितमध्ये तर तिपटीहून जास्त. ते शक्य नव्हते आणि तसा दावाही शहाण्या माणसाने करू नये. भाडेकपातीने तूट वाढणार हे पहिल्या दिवशी ठाऊक होते. म्हणजे ती कपात हे एक आश्वासन होते: फरक महापालिका देत राहील. पण आश्वासन किती वर्षांचे, कुठल्या सूत्राने, प्रवासी वाढले तर वाढणार की नाही, यातले काही ठरले नव्हते. सहाशे कोटी हा आकडा होता, सूत्र नव्हते.

गाड्या कुठे गेल्या

प्रवासी वाढले की गाड्या वाढायला हव्यात. तिथेच घोडे अडले, आणि मधे करोना आला.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली तेव्हा परिचारिका, सफाई कामगार, पोलीस, मंत्रालयातला शिपाई, सगळ्यांना विरार-कल्याणकडून कामावर आणणारी एकच गोष्ट उरली, ती बस. राज्यभरातून एसटीच्या गाड्या मदतीला आल्या. बेस्टच्या कर्मचाऱ्यांनी या सेवेची किंमत जिवाने मोजली. त्या महिन्यांत बसचे उत्पन्न किती आणि खर्च किती, असे कुणी विचारले नाही. शहर बंद पडू नये म्हणून बस लागते, हे तेव्हा सगळ्यांना मान्य होते.

पुढे मात्र करारातली पहिली अट सरळ मोडली. जुन्या गाड्या वयोमानाने निघत गेल्या, त्यांच्या जागी स्वतःच्या घेतल्या गेल्या नाहीत. ३,३३७ चा आकडा कागदावर राहिला. २०२५ पर्यंत बेस्टच्या मालकीच्या गाड्या काही शेकड्यांवर आल्या. आणि दुसरी अट, भाड्याच्या गाड्यांची, अर्धवटच पुरी झाली. दहा हजारांच्या ताफ्याची स्वप्ने जाहीर झाली होती. प्रत्यक्षात एकूण ताफा तीन हजारांच्या खाली उतरला. ९०० दुमजली विद्युत गाड्या यायच्या होत्या, रस्त्यावर पन्नासच्या आसपास आल्या. त्यांची छायाचित्रे मात्र नऊशेंना पुरतील एवढी निघाली.

भाडेतत्त्व फसले, असे म्हणून कामगार संघटना मोकळ्या होतात. मला ते पुरेसे वाटत नाही. किलोमीटरचा दर ठरवताना तो इतका आवळून ठरवला गेला, की इंधन महागले तेव्हा एका ठेकेदाराने २०२२ मध्ये आपल्या शेकडो गाड्या काढून घेतल्या आणि हात वर केले. ऑगस्ट २०२३ मध्ये ठेकेदारांच्या ड्रायव्हरांनी पगारासाठी काम बंद केले. त्यांचा पगार बेस्टच्या ड्रायव्हरच्या पगाराच्या जवळपासही नव्हता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गाड्यांना आगी लागल्याने एका प्रकारच्या चारशे गाड्या एकदम बाजूला ठेवाव्या लागल्या. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात भाडेतत्त्वावरच्या विद्युत बसने गर्दीत माणसे चिरडली आणि ड्रायव्हरला त्या गाडीचे पुरेसे प्रशिक्षण मिळाले होते का, हा प्रश्न उभा राहिला. स्वस्तात घेतलेल्या किलोमीटरमधून वाचलेला पैसा कुणाच्या पगारातून आणि कशाच्या प्रशिक्षणातून वाचला, ते असे बाहेर आले. महापालिकेचा पैशाचा आधार कमी पडत होता, म्हणून दर आवळला; दर आवळला, म्हणून सेवा मोडली. ठेकेदार नसता आणि पैसा तेवढाच असता, तर पगार थकले असते. तो प्रयोग २०१७ मध्ये होऊन गेला होता.

पैसा नव्हता का?

महापालिकेने २०१२-१३ पासूनच्या बारा-एक वर्षांत अनुदान, कर्ज आणि इतर मदत मिळून बेस्टला अकरा हजार कोटींहून जास्त दिले. हा आकडा आयुक्त अर्थसंकल्पाच्या भाषणात सांगतात तेव्हा सूर ‘किती केले तुमच्यासाठी’ असा असतो. रक्कम लहान नाहीच. पण २०२५-२६ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता आणि त्यात बेस्टसाठी हजार कोटी. शंभर रुपयांतला दीड रुपयाही नाही, आणि त्यावर रोज तीस लाख माणसे.

याच महापालिकेने समुद्रालगतचा किनारी रस्ता बांधला. साडेदहा किलोमीटर, सुमारे चौदा हजार कोटी, सगळा स्वतःच्या पैशातून. त्यावर टोल नाही. टोल नाही म्हणजे त्या रस्त्याचे उत्पन्न शून्य आणि देखभालीचा खर्च कायमचा. पण ‘किनारी रस्ता तोट्यात’ असा मथळा मी अजून वाचलेला नाही. माझा रस्त्याला विरोध नाही. मी शब्दाबद्दल बोलतो आहे.

महापालिकेच्या ठेवी ऐंशी हजार कोटींच्या घरात, मग त्यातून द्या की, असे थांब्यावरचे कुणीही म्हणते. त्या ठेवींपैकी बराच भाग भविष्य निर्वाह निधी, ठेकेदारांच्या अनामत रकमा अशा देण्यांपोटी अडकलेला असतो, एवढे तरी ध्यानात घ्यावे. शिवाय ठेवी मोडून रोजचा खर्च भागवणे म्हणजे पितळेची भांडी विकून किराणा भरणे. बेस्टच्या डेपोंच्या जमिनी विकसित करण्याच्या दर वर्षा-दोन वर्षांनी निघणाऱ्या बेतालाही हेच लागू. २००० नंतरच्या दशकात काही डेपोंची जमीन विकसकांना दिली गेली. पैसे एकदा आले, काही विकसकांकडची थकबाकी वर्षानुवर्षे वसूल होत राहिली. जमीन एकदाच विकता येते. ड्रायव्हरचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो.

दर महिन्याचा खर्च दर महिन्याच्या उत्पन्नातून भागला पाहिजे, आणि तसे उत्पन्न उभे करणे आपल्याला परके नाही. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर आणला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेला पैसा दुष्काळी गावातल्या मजुराच्या हजेरीपटापर्यंत जाईल, अशी सोय आपण पन्नास वर्षांपूर्वी केली. पॅरिस भागात १९७१ पासून मालकांकडून, कामगारांच्या वेतनाच्या प्रमाणात, वाहतुकीसाठी खास कर घेतला जातो. कामावर वेळेवर आलेल्या माणसाचा फायदा मालकालाही होतो, हे त्यामागचे तर्कशास्त्र. आणि मुंबईतच एप्रिल २०२२ पासून घरखरेदीवर मुद्रांक शुल्काबरोबरच घराच्या किमतीच्या एक टक्का मेट्रो अधिभार आहे. मेट्रो आली की आजूबाजूच्या घरांचे भाव वाढतात, म्हणून घर घेणाऱ्याने थोडे द्यावे.

मेट्रोसाठी अधिभार कायद्यात बसला. भुयारी मेट्रो ३ चा खर्च २३ हजार कोटींवरून ३७ हजार कोटींवर गेला, तेव्हा वाढीव पैशाची तजवीज मुख्यतः राज्य सरकार आणि जपानी कर्ज यांतून झाली; तूट तिकिटातून काढा, असे कुणी म्हटले नाही. मेट्रो बांधायची असते, बस चालवायची असते. बांधण्याला उद्घाटन असते.

एसटीचे उदाहरण आणखी जवळचे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. उरलेल्या अर्ध्याची प्रतिपूर्ती राज्य सरकारने महामंडळाला करायची, असे ठरले आहे. ती वेळेवर होते का, हा वेगळा वाद. पण तिकीट कुणी स्वस्त केले आणि फरक कुणी द्यायचा, याचे उत्तर कागदावर आहे. जुलै २०१९ च्या भाडेकपातीला असा कागद नव्हता.

पाचाचे दहा

मे २०२५ मध्ये भाडे दुप्पट झाले तेव्हा महापालिकेत निवडून आलेले सभागृह नव्हते. त्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, त्याबरोबर बेस्ट समितीही गेली. ज्या समितीत एरवी आठ आणे वाढले तरी दोन दिवस आरडाओरडा व्हायचा, तिथे खुर्च्या रिकाम्या होत्या. प्रस्ताव प्रशासनाने मांडला, प्रशासकाने मान्य केला, परिवहन प्राधिकरणाने शिक्का मारला.

भाडेवाढीचे समर्थन करणारे म्हणतात, सहा वर्षे दर गोठवून ठेवले हेच चुकले. दरवर्षी रुपया वाढवला असता तर कुणाला कळलेही नसते. यात तथ्य आहे. २०१९ ची कपात करताना पुढच्या वाढीचा नियमही बांधून ठेवता आला असता. पण सहा वर्षांत गाड्या वाढल्या असत्या आणि मग दहा रुपये मागितले असते, तर ती गोष्ट वेगळी होती. इथे प्रवाशाने कमी गाड्यांचे जास्त पैसे दिले. २०१५ मध्ये नेमके हेच झाले होते.

एक गोष्ट मात्र माझ्या म्हणण्याच्या आड येते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पुण्यात पीएमपीएमएलकडे सूत्र आहे. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन बससेवा एक झाल्या. संचलनातली तूट पुणे महापालिकेने साठ टक्के आणि पिंपरी-चिंचवडने चाळीस टक्के भरायची, असे ठरलेले आहे. तिथेही १ जून २०२५ ला, मुंबईनंतर तीनच आठवड्यांनी, किमान तिकीट पाचाचे दहा झाले आणि नऊशेचा मासिक पास पंधराशेवर गेला. सूत्राने भाडेवाढ टळली नाही. कारण साठ आणि चाळीस हे तुटीचे वाटे आहेत. किती गाड्या, किती फेऱ्या, कुठल्या मार्गावर किती मिनिटांनी, याबद्दल ते सूत्र काही बोलत नाही. दोन्ही महापालिका तूट कशी कमी होईल ते पाहतात, आणि तूट कमी करायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे फेरी रद्द करणे. मुंबईसाठी उद्या कुणी ‘क’चे ‘अ’ केलेच, तर त्या पानावर रुपयांच्या शेजारी गाड्यांचा आकडाही लिहावा लागेल.